सहा जीबी कुठे गेले?

आमच्या घराच्या मागच्या खोलीला खिडकी नाही. म्हणजे होती, पण काकाने ती गादी ठोकून बुजवली. भिंतींनाही गाद्या, दाराला आतून गादी आणि छताला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला वाटतं की या घरातली माणसं भिंतीवर झोपतात. खरं तर तिथे पुस्तकं रेकॉर्ड होतात. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक ग्रंथालय आहे, ते पुस्तकं पाठवतं आणि आम्ही त्यांना आवाज पाठवतो. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बाबा लांब पल्ल्याची बस चालवतात, त्यामुळे घरात पुरुषी आवाज म्हणजे काकाचाच, आणि तोही बहुतेक वेळा कॉम्प्युटरला शिव्या घालताना.

वाचायची आई.

आता 'वाचायची' म्हटल्यावर तुम्ही लगेच चेहरा पाडू नका. आई छान आहे. मागच्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. बाकी सगळं जागच्या जागी आहे. ती जेवते, चालते, भाजीवाल्याशी हातवारे करून भाव पाडते, आणि माझ्याशी फोनवर टाइप करून भांडते. टाइप करून होईपर्यंत माझं पुढचं वाक्य तयार असतं, त्यामुळे हल्ली प्रत्येक भांडण मीच जिंकते. पूर्वी मी एकही जिंकले नव्हते. तेव्हाचं हरणं परत मिळालं तर मी आनंदाने घेईन.

कुणी म्हणेल, अगं, आवाज आहे की! एवढी पुस्तकं वाचून ठेवलीयत आईने. ठेवलीयत. तीसेक तरी असतील. सुरुवातीला मी लावायचे ती. पण त्या आवाजाला मी माहीतच नाही. पुस्तकातली बाई स्वच्छ, सावकाश, स्वल्पविरामाला थांबत बोलते. ती कुणाला "कान आहेत की भोकं?" असं विचारत नाही. मला भोंगा म्हणत नाही. (माझा आवाज लहानपणापासून गल्लीच्या टोकापर्यंत जातो, म्हणून घरात मी भोंगा. आई लाडात आली की भोंगाबाई, चिडली की नुसतं "भोंग्या!") ती बाई कुणाचीही आई असू शकते.

याचं कारण काकाची कामाची पद्धत. ती समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही, म्हणून सांगून टाकते.

आमच्याकडे एक पुस्तक म्हणजे एक फाइल. पहिल्या पानाला रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि पुस्तक संपेपर्यंत 'थांबा' दाबायचं नाही. मध्ये जेवायला उठा, झोपा, चार दिवस गावाला जा, फक्त 'विश्रांती'चं बटण दाबायचं. काका म्हणतो, थांबवलं की सूर तुटतो. वाचताना चूक झाली तर आई दोन टाळ्या वाजवायची आणि तेच वाक्य पुन्हा वाचायची. पडद्यावर आवाजाची जी लाट दिसते तिच्यात टाळ्यांचे दोन उंच सुळके उठतात, ते बघून काका नंतर बरोबर तिथे कात्री लावायचा. चुका, खोकला, पाणी प्यायल्याचा आवाज, मी दार ढकलून आत घुसल्यावरचा आरडाओरडा, सगळं कापून बाहेर. स्वच्छ पुस्तक ग्रंथालयाला जायचं आणि कच्ची फाइल त्याच संध्याकाळी उडवली जायची. "कच्चं ठेवायचं नाही, जागा खातं," हे काकाचं ब्रीदवाक्य.

म्हणजे तीस पुस्तकांतून माझी आई अगदी निगुतीने कापून काढलेली आहे. वाचकबाई तेवढ्या उरल्यात.

*

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा काका खोलीत डोक्याला हात लावून बसला होता.

"भोंगे, आलीस? दप्तर टाक आणि इकडे ये. हे डबडं म्हणतंय जागा नाही."

"मग रिकामी कर."

"केली ना! काल एवढी मोठी फाइल उडवली, कचरापेटीसुद्धा रिकामी केली. तरी हा म्हणतो, जागा नाही. उद्या सकाळी गुरुजी यायचेत वाचायला. त्यांना काय सांगू, जरा हळू आवाजात वाचा, कमी जागा लागेल?"

गुरुजी म्हणजे आमचे नवे वाचक, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा आवाज असा की गाद्या लावूनही शेजाऱ्यांना पुस्तक समजतं.

"सरक," मी म्हटलं.

हे 'सरक' मी आता म्हणते. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात मी हात वर करायचे तो फक्त पाणी प्यायला जायचं असेल तर. मग आमच्या संगणकाच्या बाईंनी ती काळी खिडकी दाखवली, जिच्यात चित्रं नसतात, बटणं नसतात, फक्त आपण एक ओळ लिहायची आणि मशीनने उत्तर द्यायचं. बाकी पोरी जांभया देत होत्या आणि मला वाटलं, अरे, हे तर माझ्यासारखंच आहे! मधलं काही नाही, सरळ विचारा, सरळ सांगते. त्या दिवसापासून घरातल्या कॉम्प्युटरची डॉक्टरीण मीच. काकाला ते पटत नाही, पण अडल्यावर हाक मलाच मारतो.

मी काळी खिडकी उघडली.

"आता डीयू लावते," मी म्हटलं.

"लाव, लाव. काय लावतेस ते मलाही कळू दे."

डीयू ही एक आज्ञा आहे. ती एकेक फोल्डरचं दार उघडते, आत जाते, कोपरे तपासते, आणि बाहेर येऊन सांगते की इथे एवढी जागा गेली. आमच्या एक आत्या आहेत, आल्या की चहा व्हायच्या आत सगळी कपाटं उघडून बघतात. डीयू तशीच, फक्त टोमणे मारत नाही. मी तिला म्हटलं, मोठ्यात मोठं वर दाखव.

पडद्यावर ओळी सरसरत आल्या. सगळ्यात वर तयार पुस्तकं. त्याखाली, दुसऱ्या नंबरला, 'भोंगा'.

काकाने टाळीच वाजवली. "हा बघा! हा बघा उकिरडा कुणाचा! दुसऱ्याच्या घरात चोर शोधायला निघाल्या आणि..."

"शाळेच्या नाचाचे व्हिडिओ आहेत ते. तालमींचे."

"नऊ जीबी नाचलात?"

"चौदा जणी आहोत आम्ही."

"हत्ती आहात काय?"

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण मला वेगळंच काहीतरी टोचायला लागलं होतं. दुसरी एक आज्ञा असते, ती फोल्डर-बिल्डर बघत नाही, सरळ डिस्कलाच विचारते की बाई गं, तू किती भरलीस? डिस्क म्हणाली, एकशे अठरा. मी डीयूच्या सगळ्या ओळींची बेरीज केली. एकशे बारा. पुन्हा केली. एकशे बाराच.

"काका, सहा जीबी जुळत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे डिस्क म्हणते माझ्या पोटात एवढं आहे, आणि सगळी दारं उघडून बघितली तर तेवढं सापडत नाही. सहा जीबी आहेत, पण कुठेच नाहीत."

"भूत आहे म्हण की."

"कालची फाइल केवढी होती?"

काकाने आठवून बघितलं. "असेल... सहाच्या आसपास."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाईंनी हे सांगितलं होतं! फाइल उडवली म्हणजे लगेच नष्ट होत नाही. आधी फक्त दारावरची तिच्या नावाची पाटी निघते. आत कुणी बसलेलं असेल, म्हणजे एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडून धरलेली असेल, तर तो उठेपर्यंत घर पाडत नाहीत. पाटी नाही म्हणून डीयूला ते घर दिसत नाही, पण जमीन अडलेलीच राहते. प्रोग्रॅम उठला की मग मात्र क्षणात सपाट.

"काका, कुठल्या तरी प्रोग्रॅमने ती फाइल धरून ठेवलीय. तो बंद केला की झालं! सहा जीबी मोकळे!" मी खुर्चीतच उडी मारली. "कसली होती फाइल?"

"अगं ती मधमाश्यांची," काका पडद्याकडे बघत म्हणाला. "वहिनीचं ते अर्धवट राहिलेलं. गुरुजी ते पुस्तक पहिल्यापासून वाचणार आहेत ना उद्या, मग म्हटलं अर्धं ठेवून काय..."

पुढचं मला ऐकू आलं नाही.

मधमाश्यांचं जाडजूड पुस्तक. आई ते वाचत होती तेव्हाच तिचा घसा बसायला लागला होता. अर्ध्यावर आली, मग तपासण्या, मग दवाखाना. पुस्तक पुरं झालं नाही म्हणून ते कापलं गेलं नाही. आणि कापलं नाही म्हणून त्यात सगळं होतं. टाळ्या, खोकला, मी. इतके महिने ती फाइल या मशीनमध्ये बसलेली होती आणि माझ्या डोक्यातच आलं नाही की असं काही असू शकतं. कच्चं ठेवायचं नाही, हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की माझ्या लेखी कच्चं काही नव्हतंच.

"तू उडवलीस?" माझा आवाज इतका बारीक आला की काकाने दचकून बघितलं. "मला न विचारता?"

"वहिनीला विचारूनच उडवली गं! तिने टाइप करून दिलं, 'उडव'. बघ, फोनवर असेल माझ्या."

"आणि मला कुणी विचारलं?"

काकाने अर्धा बाहेर काढलेला फोन परत खिशात घातला. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या रेकॉर्डरची एक छोटी चौकट होती, जुनी, दुसऱ्या खिडक्यांच्या मागे अर्धी लपलेली. तिच्यावर नारिंगी दिवा लुकलुकत होता. विश्रांती.

"काका, हे काय आहे?"

"ते... तेच. मधमाश्या." तो कान खाजवायला लागला. "वहिनी दवाखान्यात गेली त्या दिवशी विश्रांती दाबली ना मी. मग पुस्तक पुरं झाल्याशिवाय थांबवायचं नसतं, म्हणून... राहिलं तसंच. गुरुजींची पुस्तकं मी बाजूला नवीन चौकट उघडून करतो."

"इतके महिने? मशीन बंद नाही केलंस?"

"वीज गेली तरी बॅटरी आहे की खाली. आणि बंद करून... म्हणजे मला बंद करवेना."

काकाला मी जन्मल्यापासून ओळखते. त्याच्याबद्दल मला एवढं प्रेम आधी कधी वाटलं नव्हतं आणि एवढा रागही आला नव्हता. ज्या माणसाने फाइल उडवली, त्यानेच ती इतके महिने धरूनही ठेवली होती, आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "कशालाच. माउसला नाही, खुर्चीला नाही. ती आहे अजून."

आणि तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

*

आमच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एकच, त्याला सगळे बटणदादा म्हणतात. टीव्ही, पंखा, फोन, कॉम्प्युटर, काहीही बिघडलं तरी त्याचं पहिलं औषध एकच: बंद करून चालू करा. दहातल्या सात वेळा ते लागूही पडतं, म्हणून त्याचं बरं चाललंय. काकाने सकाळीच त्याला फोन करून ठेवला होता. बगलेत नव्या डिस्कचा खोका, तोंडात टूथपिक.

"काय म्हणतंय यंत्र? चला, आधी एकदा बंद करून..."

"नाही!"

मी मशीन आणि त्याच्यामध्ये हात पसरून उभी राहिले. गाद्या होत्या म्हणून, नाहीतर त्या 'नाही'ने काचा फुटल्या असत्या.

"अगं, नवी डिस्क बसवायची तर बंद करावंच लागतं. चालू गाडीचं चाक काढतात का?"

"नंतर बसवा. आधी माझं काम होऊ दे."

"तुझं कसलं काम? अभ्यास आहे का?"

"दादा, तुम्ही ते बटण दाबलंत ना तर मी... मी तुमच्या दुकानासमोर उभी राहून गाणं म्हणेन. रोज."

बटणदादाने काकाकडे बघितलं. काका म्हणाला, "म्हणते ही. खरंच म्हणते."

तो हसत हसत खाली वाकला, खोका ठेवायला, आणि त्याचा पाय वायरींच्या गुंत्यात. मशीनचा प्लग बॅटरीच्या सॉकेटमध्ये थरथरला. मी झटकन वळले. नारिंगी दिव्याकडे बघितलं. लुकलुकत होता.

आणि दारात आई.

माझं ओरडणं ऐकून आली असणार. हात ओले, पदराला पुसत. तिने आधी मला बघितलं, पसरलेले हात, मग काकाचा चेहरा, मग वायरींत अडकलेला बटणदादा. भुवया वर. फोन काढला, पटापट अंगठे चालवले आणि पडदा माझ्यापुढे धरला.

'काय तमाशा आहे?'

"तुझी मधमाश्यांची फाइल उडालेली नाही. आत आहे अजून. मी काढतेय बाहेर."

आईने टाइप केलं. मला वाटलं, मोठं काहीतरी येणार. चारच शब्द आले.

'मीच सांगितलं होतं उडवायला.'

"माहितीय."

'मला नको आहे ती.'

"तुला नको असू दे," मी म्हटलं. "तुला ऐकवणारही नाही. पण ती एकटी तुझी नाहीये ना, आई. तुझा आवाज तू कधी ऐकायचीस? बोलायचीस तू, ऐकायचे मी. मग माझं काहीच नाही का त्यात?"

खोलीत गाद्यांमुळे प्रतिध्वनी येत नाही. बोललेलं जागच्या जागी पडतं. ते पडून राहिलं.

आईने फोनवर अंगठा ठेवला, काही लिहिलं, खोडलं. मग फोन पदरात खोचला. वाकून बटणदादाचा पाय वायरींतून सोडवला, त्याच्या कोपराला धरलं, आणि कपबशी तोंडाला लावायची खूण करून त्याला सरळ स्वयंपाकघराकडे घेऊन गेली. तोही बापडा गेला. आईला नाही म्हणणं आमच्या गल्लीत कुणाला जमत नाही, आता तर अजिबातच नाही.

मी खुर्चीत बसले. काळी खिडकी पुढे आणली.

चालू प्रोग्रॅमने कुठल्या फाइली धरल्यात ते दाखवणारी आज्ञा असते. लिहिली. आली ओळ: रेकॉर्डर, मधमाश्या, आणि शेवटी इंग्रजीत एक शब्द, डिलीटेड. खोडलेली. त्या शब्दाकडे बघून मला हसू आलं आणि रडूही. खोडलीय म्हणतेस आणि दाखवतेस पण!

"आता त्या चौकटीत 'थांबा' दाबून साठवता नाही का येणार?" काकाने कुजबुजत विचारलं, जणू काही मोठ्याने बोललं तर ती उठून जाईल.

"नाही रे! थांबा म्हटलं की तो हात सोडणार. सोडला की सपाट. तो धरून बसलेला असतानाच त्याच्या हातातल्या फाइलची नक्कल काढायची."

"मग काढ ना."

काढायला गेले. आणि मशीनने काय म्हणावं? जागा नाही.

अर्थातच! सहा जीबीची नक्कल ठेवायला सहा जीबी कुठून आणायचे? काका घाईघाईने म्हणाला, "तयार पुस्तकातलं एखादं..."

"वेडा आहेस का? ती पण आईचीच आहेत."

मग दुसरा नंबर माझाच होता. चौदा जणींच्या तालमी, नऊ जीबी. पुढच्या आठवड्यात त्यातून एक छोटी फिल्म करून वर्गाला दाखवायची होती, मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बघा, कसली भारी करते. मी फोल्डर निवडलं आणि उडवलं. कचरापेटीही रिकामी केली. एक क्षणही लागला नाही. पोरी मला फाडून खाणार होत्या, खाऊ देत.

पुन्हा नक्कल. या वेळी मशीन काही बोललं नाही. आकडा हळूहळू वाढायला लागला. काका माझ्या खुर्चीची पाठ धरून उभा होता आणि प्रत्येक वाढीला मान हलवत होता, जसं काही त्याच्या मान हलवण्याने ती पुढे सरकत होती. एक, दोन, अडीच. स्वयंपाकघरातून बटणदादाचा आवाज येत होता, तो आईला आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगत होता. साडेचार. पाच. आणि झालं.

मी हेडफोन कानाला लावले. कुठूनही मधूनच सुरू केलं.

"...राणीमाशी पोळं सोडून जाते तेव्हा तिच्यामागोमाग कामकरी माश्यांचा मोठा थोव... थवा..." टाळी. टाळी. "थोवा काय, थोवा! जीभ कुठे चाललीय माझी. राणीमाशी पोळं सोडून जाते तेव्हा..." मग दार ढकलल्याचा धप्प आवाज आणि लगेच, माइकपासून तोंड फिरवून, लांबून, "भोंग्या! दिवा लाल दिसतोय ना दारावरचा? कान नाहीत ते नाहीत, डोळे पण गेले का? जा, लाडू... नको, आधी हात धू. साबणाने!"

काकाने विचारलं, "आहे?"

मी मान डोलावली. बोलता येईना. भोंग्याला बोलता येईना, विचार करा.

*

आईला मी शब्द दिला होता, म्हणून तिच्यासमोर लावत नव्हते. फाइलच्या तीन नकला करून तीन ठिकाणी ठेवल्या. बटणदादाने नवी डिस्क बसवली, त्याआधी काकाने स्वतःच्या बोटाने तो नारिंगी दिवा विझवला आणि मग बराच वेळ बाथरूममध्ये तोंड धुवत बसला. गुरुजींनी मधमाश्यांचं पुस्तक पहिल्यापासून गर्जत वाचायला सुरुवात केली. वर्गातल्या पोरींनी मला ठरल्याप्रमाणे फाडून खाल्लं आणि मग पुन्हा नाचून देऊ म्हणाल्या.

रोज शाळेतून आले की मी खोलीत जाऊन थोडंसंच ऐकायचे. एकदम संपवायचं नव्हतं. आई दारावरून जायची. आत यायची नाही, पण हल्ली तिला त्या दारावरून फार वेळा जावं लागत होतं. घड्या घातलेले कपडे न्यायला, मग तेच कपडे परत आणायला.

मग एके दिवशी जेवताना, बाबा आणि काका काहीतरी बोलत होते, आईने ताटाखालून फोन माझ्याकडे सरकवला.

'त्यात मी कुठे हसते का?'

मी तिच्याकडे बघितलं. ती वाढण्यात गुंतली होती, डाव भांड्यावर आपटत.

आईला आता हसता येतं, म्हणजे खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं, पण आवाज येत नाही. मला कधी सुचलंच नव्हतं की तिलाही काही ऐकावंसं वाटत असेल. बोलणं तिने टाइप करून भरून काढलं होतं. हसणं कसं टाइप करणार?

"अजून नाही सापडलं," मी हळूच म्हटलं. "बरंच राहिलंय. शोधते."

मग मी शोधायलाच बसले. खोकला सापडला, नाक शिंकरणं सापडलं, जांभया सापडल्या, भाजीवाल्याला दारातून मारलेली हाक सापडली. काकाला दिलेल्या शिव्या सापडल्या, इतक्या की काका म्हणाला, हे कापायला हवं. माझं हसणं तर पानोपानी होतं. आईचं नव्हतं. रोज संध्याकाळी ती भुवया उंचावून विचारायची आणि मी मान हलवायचे. ती खांदे उडवायची, काही विशेष नाही अशा थाटात, आणि चहाचं आधण ठेवायला वळायची. ते वळणं मला बघवायचं नाही. फाइलचा शेवट जवळ येत होता. शेवटी शेवटी तर तिचा घसा इतका बसलाय की वाक्य पुरं करताना श्वास ऐकू येतो. तिथे हसू कुठून असणार?

काल शेवटचं पान संपलं. त्यानंतर काकाचा आवाज येतो, "बास वहिनी, आज एवढंच," आणि मग विश्रांती.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. आई दारात होती. या वेळी हातात कपडे नव्हते. तिने माझा चेहरा बघितला आणि विचारलंच नाही.

"नाहीये, आई," मी म्हटलं. "सगळं ऐकलं. एकदाही हसली नाहीस. मी एवढं हसले तरी."

तिने डोळे बारीक केले. माझ्या अभ्यासाच्या वहीवर 'केलं' असं लिहिलेलं असतं आणि तिला ते पटत नाही, तेव्हा करते तसे. फोन काढला.

'माइकसमोर मी नाकाने हसायचे. आवाज फुटायला नको म्हणून. तुला ते शिंकरणं वाटलं असेल.'

मग आणखी एक ओळ.

'तुला कसलं कळतंय, भोंग्या.'

आणि कोपराने मला ढकललं. सरक. एका खुर्चीवर आम्ही दोघी, अर्धी अर्धी. तिने हेडफोनचा एक कान स्वतःच्या कानाला लावला, एक माझ्या, आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

मी पहिल्या पानापासून लावलं.